फेन्नाचा शेजार

३ मार्च १९६९

बियाणेवाल्याने नववर्षाला फुकट दिलेली ही वही दोन महिने गल्ल्याखाली पडून होती. आज काढली, कारण आज किल्ल्याच्या समितीत माझं नाव घातलं गेलं आणि वीरिंगा म्हणाला, "बाई, जे जे घडतंय ते लिहून ठेवा. पुढे त्याचाच इतिहास होतो." मी म्हटलं, इतिहासाला माझ्या मोहरीच्या बरण्यांचं काय कौतुक. पण बसलेय खरी लिहायला.

वीरिंगा म्हणजे ग्रोनिंगन शहरातून आलेला नकाशेवाला. तिशीतला, काडीसारखा, आणि बूट असे की आमच्या एका पावसात त्यांचं भजं होईल. त्याने आज चर्चच्या मागच्या खोलीत १७४२ सालचा नकाशा भिंतीवर लावला. आमचं बूर्तांग, जर्मन सीमेवरचं किल्ल्याचं गाव. पाच टोकांचा तारा, भोवती खंदक, खंदकापलीकडे आणखी टोकं, आणखी पाणी. सगळे माना वाकड्या करून आपापलं घर शोधत होते. हार्म बेकरला त्याची भट्टी दारूगोळ्याच्या कोठाराला चिकटलेली सापडली. म्हणाला, "तरीच माझे पाव करपतात."

हसलो सगळे, पण हसण्यासारखं गावात फारसं उरलेलं नाही. शिपाई गेले त्याला शंभराच्या वर वर्षं झाली. मग आमच्याच पणजोबांनी तट खणून खंदक बुजवले, वर बटाटे लावले. आता बटाट्यांनाही कोणी नाही. पोरं शहरात गेली, डॉक्टर गेला, शाळेचं आज बंद होते की उद्या असं चाललंय. वीरिंगाचं म्हणणं, किल्ला होता तसा परत उभा करायचा. तट, खंदक, पूल, बराकी, सगळं. लोक बघायला येतील, काही घरांत संग्रहालय होईल, उरलेल्या घरांत आपण राहू. म्हणजे गाव जगेल.

मत घेतलं तेव्हा पहिला हात माझा वर गेला. पुस्तकांत लिहिलंय की या किल्ल्यात अडीचशे वर्षांत शत्रू लढून कधी शिरला नाही. आज शहरातले लोक नकाशा घेऊन आले आणि आम्हीच त्यांना कॉफी दिली, वर बिस्किट.

२० मार्च

काल वीरिंगाने नव्या नकाशावर लाल रेघा मारून आणल्या. जिथे रेघ, तिथे खंदक. रेघ शेजारच्या फेन्नाच्या स्वयंपाकघरातून जाते. अगदी चुलीतून.

माझं दुकान जुन्या एका कप्तानाच्या घरात आहे, ते नकाशावर आहे, म्हणून राहणार. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. फेन्नाचं घर तिच्या आजोबांनी बुजवलेल्या खंदकावर बांधलं. म्हणून तर तिची फरशी बारा महिने ओली आणि तिच्या बटाट्यांना सगळ्यांच्या आधी कोंब.

"तिला सांगणार कोण?" कोणीतरी विचारलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. हार्म म्हणाला, "तू तिची सख्खी शेजारीण. तुझंच काम ते."

ते खरं आहे. आमच्या इथे उजव्या हाताचं पहिलं दार म्हणजे सख्खा शेजार, आणि नातं दोन्हीकडून. बाळंतपण असो, आजारपण असो, पहिली हाक त्याला. आणि माणूस गेलं की घरच्यांनी हात लावायचा नसतो. न्हाऊ घालणं, कपडे घालणं, घड्याळ थांबवणं, दारोदार निरोप सांगणं, खांदा देणं, सगळं शेजाऱ्यांचं. माझा नवरा खेर्त गेला तेव्हा फेन्नाने त्याची दाढी केली होती. हळूहळू, गालाला हात लावून. मी दारात उभी राहून बघत होते. जिवंतपणी त्याची दाढी इतकी गुळगुळीत कधी झाली नव्हती, असं मी म्हटलं आणि आम्ही दोघी रडता रडता हसलो.

फेन्ना आता त्र्याहत्तरची. भाऊ वारल्यापासून एकटी. सकाळी उठले की मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचं धुराडं बघते. धूर दिसला की माझ्या चहाला आधण. ही सवय इतकी की तिला सवय म्हणावं हेही मला आज लिहिताना सुचलं.

अजून तिला सांगितलेलं नाही. जिवावर आलंय.

८ एप्रिल

आज वीरिंगा दुकानात दोन तास ठाण मांडून बसला. त्याला गावच्या चालीरीती हव्यात. संग्रहालयात नुसत्या तोफा ठेवल्या तर बायका कशाला येतील, म्हणतो. एवढं तरी कळतं त्याला.

मी त्याला सख्खा शेजार सांगितला. आणि शेजार मागण्याची रीत पण. कोणी नव्या घरात राहायला गेलं की शेजाऱ्यांना कॉफीला बोलवायचं. कॉफीनंतर चांदीच्या वाडग्यात ब्रँडीत मुरवलेल्या मनुका ठेवायच्या आणि एकच चमचा सगळ्यांत फिरवायचा. पण पहिला चमचा यजमानाने ज्याच्यापुढे धरला, बहुधा उजव्या दारवाल्यापुढेच, त्याला मागणं घातलं असं समजायचं. त्याने तो खाल्ला की झाला तो सख्खा शेजार. तोंडाने कोणी काही बोलत नाही. बोलून मागायचं म्हणजे भीक मागितल्यासारखं.

"आणि नको असेल तर?" त्याने विचारलं.

"नको असं कोणी म्हणत नाही."

"पण समजा."

"समजा काय? तुम्ही शहरातले लोक फार समजा समजा करता."

वाडगा बघायला मिळेल का म्हणाला. मी म्हटलं, फेन्नाकडे आहे, तिच्या आजीचा. बोलले आणि जीभ चावली, कारण फेन्नाला अजून मुख्य गोष्टच सांगितलेली नव्हती.

१३ एप्रिल

सांगितलं.

ती बटाटे सोलत होती. मी आधी हवेचं बोलले, मग मोहरीच्या भावाचं. ती म्हणाली, "पोरी, तू इतकी गोड बोलायला लागलीस म्हणजे काहीतरी आहे. बोल."

मग मी धडाधडा बोलून टाकलं. रेघ, खंदक, रस्त्यापलीकडे कालव्याच्या पुलाबाहेर नवी घरं होतायत, त्यातलं कोपऱ्याचं घर तुला. त्यात अंघोळीची खोली, गॅस, कोरडी फरशी. ती सोलतच राहिली. सालाची एकच लांब पट्टी काढते ती, तुटू देत नाही.

"नाही म्हटलं तर?" ती म्हणाली.

"तर तुझ्या घराला वळसा घालता येत नाही म्हणतात. ताऱ्याचं टोक मोडेल."

"ताऱ्याला माझ्या चुलीचीच जागा सापडली."

"फेन्ना, गाव मरतंय. शाळा जाईल, मग दुकान जाईल. तू त्या ओल्या फरशीवर गुडघे धरून बसशील आणि तुला पाव द्यायलाही कोणी उरणार नाही."

तिने पट्टी पूर्ण काढून बादलीत टाकली. मग म्हणाली, "आणि शेजार?"

मी म्हटलं, "शेजार काय मोडतोय? पूल ओलांडला की तुझं दार. तू काय चंद्रावर चाललीयस? तुझी शेजारीण मी होते, मी राहीन."

तिने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "हे तू म्हणतेस. समिती नाही."

"मी म्हणते."

"मग ठीक आहे," म्हणाली, आणि पुढचा बटाटा घेतला.

मला वाटलं होतं रडारड होईल. इतकं सहज झालं की मीच चकित. वीरिंगाला कळवलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, तुमच्याशिवाय हे जमलं नसतं." घरी आले ते तरंगतच.

२ ऑक्टोबर

फेन्नाचं सामान हलवलं. हार्मच्या पावाच्या गाडीतून चार खेपा. सगळ्यात शेवटी ती स्वतः, मांडीवर वाडगा घेऊन, पुढच्या सीटवर. हार्म म्हणाला राणीची मिरवणूक. ती हसली नाही.

नवं घर छान आहे, खोटं कशाला बोलू. नळ फिरवला की गरम पाणी. माझ्याकडे अजून किटली आहे. मला हेवा वाटला, तसं तिला म्हटलं पण. ती म्हणाली, "मग तू ये इकडे, मी जाते दुकानात."

गल्लीत सगळी तरुण जोडपी. लगतच्या दारात तिनेके म्हणून एक मुलगी आहे, नवरा बर्ट स्टार्चच्या कारखान्यात. दोघं पार पश्चिमेची, हार्लेमकडची. पडदेच लावत नाहीत, सगळं घर रस्त्यावरून दिसतं. पण चांगली वाटली, फेन्नाची खुर्ची तिनेच उचलून नेली.

११ ऑक्टोबर

फेन्नाने दुपारी कॉफीला बोलावलं. घरभरणी. वीरिंगा दुकानातच होता, वाडगा वाडगा करून त्याने भंडावून सोडलेलं, म्हणून त्यालाही घेऊन गेले. फेन्नाने दार उघडलं आणि त्याला बघून जरा थबकली. मी म्हटलं, "घाबरू नकोस, हा आज काही पाडायला आलेला नाही."

टेबलावर तिने आजीचा टेबलक्लॉथ घातला होता, फक्त दोन कप. तिसरा कपाटातून काढावा लागला. काळा झगा घातला होता, चर्चचा. मी म्हटलं, "काय गं, घरात कोणासाठी एवढी नटलीस?" ती म्हणाली, "आज घालावासा वाटला."

कॉफी झाली. मग तिने वाडगा आणला. मनुका टपोऱ्या, रात्रभर नाही, महिनाभर मुरवलेल्या. चमचा भरून तिने माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "अगं पाहुण्याला आधी दे, बिचारा सहा महिने याचीच वाट बघतोय," आणि चमचा तिच्या हातातून घेऊन वीरिंगाला दिला. त्याने खाल्ला, डोळे मिटले, दुसरा मागितला. मग वाडगा तिरका करून खालचा शिक्का बघायला लागला. त्याच्या पँटवर मनुका सांडल्या. मला हसू आवरेना.

फेन्नाचं तोंड जरा उतरलेलं होतं. गुडघे असणार. एवढं सामान लावलं तिने. मग मीही एक चमचा घेतला, छान झाल्यात म्हटलं. मग तोफांच्या बैठकीला उशीर होत होता म्हणून आम्ही काढता पाय घेतला. निघताना मी तिला म्हटलं, "आता उद्या-परवा या गल्लीतल्यांना बोलाव. तिनेके चांगली आहे, पहिला चमचा तिला दे."

"बघू," म्हणाली.

तशी पहिल्यापासून तुसडीच आहे ती.

२४ नोव्हेंबर

फेन्नाचं घर आज पाडलं. तासाभराचं काम. चूल तेवढी हटेना, तीन वेळा यंत्र मागे घेऊन धडक मारावी लागली. मी दुकान बंद ठेवलं होतं, पण मागच्या खोलीत आवाज येतच होता.

फेन्ना आली नाही बघायला. मला बरंच वाटलं.

१२ डिसेंबर

गंमत. समितीत आज संडासावर दीड तास. नकाशावर खंदकावर लाकडी संडास आहेत, शिपायांसाठी, खाली थेट पाणी. वीरिंगाला ते हुबेहूब उभे करायचेत. हार्म उठून उभा राहिला. "आमच्या रांगेला गटाराचं कनेक्शन मिळून वर्ष झालेलं नाही, आणि तुम्ही आम्हाला परत खंदकावर बसवणार?" वीरिंगा म्हणाला, "नाही नाही, ते फक्त बघायला." हार्म म्हणाला, "मग आम्ही जातो तेव्हा तिकीट लावा."

फेन्ना सकाळी दुकानात आली होती. अर्धा पौंड साखर. काल आली होती तेव्हा आगपेटी. परवा सुतळी. मी म्हटलं, "फेन्ना, एकदाच यादी करून ये ना, बर्फात पूल ओलांडून रोज कशाला येतेस." ती म्हणाली, "चालणं होतं." मग जाता जाता दारातून वळून विचारते, "हिल्ले, तुझ्या खिडकीतून माझा धूर दिसतो का?"

मला हसूच आलं. "वेडे, गॅस आहे तुझ्याकडे. धुराडंच नाही तर धूर कुठला?"

"हो की," म्हणाली. विसरायला लागलीय बहुतेक.

मी विचारलं, नव्या लोकांना बोलावलंस का? तर म्हणे, "मला शेजार आहे." म्हणजे बोलावलं असेल. चला, एक काळजी मिटली.

१७ मे १९७०

खंदकाचं टोक पूर्ण झालं. अजून पाणी नाही, नुसती काळी माती. दुकानाच्या उजव्या खिडकीतून पूर्वी फेन्नाची भिंत दिसायची, आता सरळ आकाश. खोलीत इतका उजेड येतो की धूळ दिसायला लागली.

रविवारी तीन बसगाड्या आल्या. लिकोरिसच्या काळ्या गोळ्या सगळ्या संपल्या, पोस्टकार्डं संपली. आम्ही सगळे हवेत. शाळेचंही तूर्त राहतंय असं ऐकलं. मी बरोबर होते, हे इथे लिहून ठेवते.

फेन्नाकडे जाणं झालं नाही दोन आठवडे. उन्हाळ्यात हे असंच होणार. ती येते म्हणा. आली तेव्हा दुकानात गर्दी होती, कोपऱ्यातल्या पिंपावर बसून राहिली. एका जर्मन बाईने तिचा फोटो काढला. मी मान वर केली तोवर ती गेलेली.

३ नोव्हेंबर

फेन्ना हल्ली येत नाही. थंडीमुळे असेल. हार्म गाडी घेऊन तिकडे जातो मंगळवारी आणि शुक्रवारी, त्याला विचारलं. म्हणाला, ठीक आहे, पाव घेते, बोलत नाही. "तू जा की एकदा," म्हणाला.

जाते. या रविवारी तोफा येतायत, पुढच्या रविवारी नक्की.

१९ फेब्रुवारी १९७१

फेन्ना गेली.

 हार्मने दार वाजवलं, उघडेना. मागून गेला. ती स्वयंपाकघरात खाली पडलेली. बाहेरगावचा डॉक्टर म्हणाला, पडून बराच वेळ होती, लगेच गेलेली नाही. किती वेळ ते मी विचारलं नाही. फरशी कोरडी होती.

२० फेब्रुवारी

काल संध्याकाळी मी तिला न्हाऊ घातलं. मला कोणी बोलावलं नाही, मी गेले. घड्याळ थांबवायला गेले तर ते विजेचं, कळच सापडेना, शेवटी पिन उपटली. आरसा झाकायचा असतो, पण अंघोळीच्या खोलीतला भिंतीत बसवलेला, त्यावर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी टॉवेल लावला. तिचं शेवटचं वस्त्र कपाटात वरच्याच फळीवर इस्त्री करून ठेवलेलं होतं. तिचे केस मी विंचरले. इतके विरळ झाले होते, मला माहीत नव्हतं.

मी काम करत होते आणि तिनेके दारात उभी होती, बाळ कडेवर. डोळे सुजलेले. म्हणाली, "बाई, आम्ही दोन दिवस बघत होतो, पडदा बंदच. बर्ट म्हणाला जाऊन बघू. मीच म्हटलं, नको."

मी म्हटलं, "नको का म्हणालीस?" फार वाईट आवाजात म्हटलं.

"आम्ही आलो तेव्हाच विचारलं होतं त्यांना. इकडे शेजाऱ्यांची रीत असते म्हणतात, आम्हाला माहीत नाही, काही लागलं तर सांगा. त्या म्हणाल्या, मला शेजार आहे, किल्ल्यात. मागून झालंय. मग आम्हाला वाटलं तुम्ही बघत असाल. मध्ये पडणं बरं नाही वाटलं."

मागून झालंय.

मी कंगवा हातात धरून तशीच बसले. काळा झगा. दोन कप. तिने चमचा माझ्यापुढे धरला होता. अख्ख्या गावात ही रीत मला सगळ्यांत जास्त ठाऊक, मीच ती वीरिंगाला शिकवली, आणि माझ्यापुढे चमचा आला तेव्हा मी म्हटलं, पाहुण्याला आधी दे. उजव्या हाताचं दार म्हणजे शेजार, एवढंच माझ्या डोक्यात. पूल ओलांडूनही कोणी शेजार मागेल हे मनातही आलं नाही. मी स्वतः तिला शब्द दिला होता, आणि तिने तो खरा मानला. मी बोलायचं म्हणून बोलले होते.

तिला वाटलं असेल मी नाही म्हटलं. नको असं कोणी म्हणत नाही, असं मी त्या माणसाला सांगितलं होतं. मी मात्र म्हटलं, हसत हसत. आणि तरी ती लोकांना सांगत राहिली की मला शेजार आहे.

माझी लाज राखली तिने. मला हे सहन होत नाही.

२१ फेब्रुवारी

खांद्याला सहा माणसं लागतात. फेन्नाच्या जुन्या रांगेतलं कोण उरलंय? पलीकडचा म्हातारा लेकीकडे विन्सखोटेनला, त्यापलीकडचं घरही पाडलेलं. हार्मची पाठ धरलेली, तरी येतो म्हणाला.

मग मी वीरिंगाकडे गेले. तो नव्या बराकीत खिडक्यांची मापं घेत होता. मी म्हटलं, "पहिला चमचा तुम्ही खाल्लात. रीतीप्रमाणे तिचे सख्खे शेजारी तुम्ही. डोक्याकडची बाजू तुमची."

तो हसणार होता. मग माझ्या तोंडाकडे बघून पांढरा पडला. "बाई, मला माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

मापाची पट्टी गुंडाळत म्हणाला, "किती वाजता?"

घरी येते तो दारात तिनेके आणि बर्ट. बर्टने टोपी हातात धरलेली. म्हणाला, "गल्लीतले आम्ही चौघं आहोत. कोणी बोलावलेलं नाही हे माहीत आहे. आलो तर चालेल का?" दीड वर्ष ही माणसं कोणीतरी बोलवायची वाट बघत होती.

२३ फेब्रुवारी

पुरलं तिला. गोठणारी थंडी, माती फोडायला पहार लागली. वीरिंगा डोक्याकडे होता, त्याच्या त्या बुटांमुळे दोनदा घसरला पण खांदा सोडला नाही. त्याच्या मागे हार्म, मग हार्लेम आणि कुठले कुठले चौघं. मला शवपेटीच्या मागे पहिली जागा दिली. मी नको म्हणाले, तरी दिली. ती जागा सख्ख्या शेजारणीची असते.

नंतर चर्चच्या खोलीत कॉफी आणि मनुकांचा पाव. सगळे मला म्हणत होते, तुमचं किती होतं एकमेकींवर. मी हो हो करत होते. शेवटी बाहेर जाऊन उभी राहिले.

९ जानेवारी १९७२

वर्षभर लिहिलं नाही.

खंदकात पाणी आलं नोव्हेंबरात, आणि आता गोठलंय. आज सगळं गाव बर्फावर. शाळेतली पोरं स्केट बांधून फेन्नाच्या चुलीवरून सुसाट जातात. तिनेकेचं बाळ ढकलगाडीत. त्यांच्या हसण्याचा आवाज दुकानात येतो. शाळा वाचली, पर्यटक येतात, माझी विक्री दुप्पट. सगळं मी म्हटलं होतं तसंच झालं. याचं काय करावं हे मला कळत नाही.

हार्मने विचारलं, सकाळी इतक्या लवकर दिवा का लावतेस. मी म्हटलं, झोप येत नाही. खरं म्हणजे उठते आणि उजव्या खिडकीपाशी जाते. मग तिथे काय बघायचं ते कळत नाही, म्हणून दिवा लावते.

१४ मार्च

वीरिंगा आला होता. वसंतात किल्ला रीतसर उघडणार, त्यासाठी गावभर पाट्या लावायच्यात. कुठे दारूगोळा होता, कुठे विहीर, कुठे कप्तान राहायचा. त्यातली एक पाटी शेजाराची. मजकूर त्याने स्वतः लिहिलाय, मला वाचून दाखवायला आणला.

बरा लिहिलाय. उजव्या हाताचं दार, हाक, न्हाऊ घालणं, घड्याळ, वाडगा, पहिला चमचा. नाव कोणाचं नाही. वाचता वाचता शेवटाला थांबला आणि म्हणाला, "एकच विचारायचंय. मी 'असतो' लिहिलंय. किल्ल्यातल्या प्रत्येक घराला एक सख्खा शेजार असतो. समितीचं म्हणणं 'असे' लिहा, भूतकाळात, कारण हे संग्रहालय आहे. मी म्हटलं, बाईंना विचारतो. मी स्वतः खांदा दिलाय, मला तर 'असतो'च बरोबर वाटतं."

तो आशेने बघत होता. चांगला मुलगा आहे. त्या दिवसापासून दर महिन्याला फेन्नाच्या थडग्यावर जातो, हे मला हार्मकडून कळलं.

मी आजूबाजूला बघितलं. माझ्या डावीकडे आता शिपायांची बराक आहे, आत मेणाचे दोन शिपाई पत्ते खेळत बसलेले. हार्मने भट्टी विकली, येत्या मे महिन्यात तो लेकाकडे चाललाय. मला काही झालं तर पहिली हाक कोणाला, हे मी मनातल्या मनात शोधत राहिले. वीरिंगा वाट बघत होता.

"'असे' लिहा," मी म्हटलं.

त्याने पेनाने खोडून दुरुस्त केलं. मग पाटी कुठे लावू म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझ्याच उजव्या भिंतीला लावा, त्या बाजूने आता कोणी येत नाही.